अफूच्या पैशाची शाळा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी मी एका परक्या बिशपांविषयी बोलणार आहे, याचे कित्येकांस नवल वाटेल. चार्ल्स हेन्री ब्रेंट १८६२ साली कॅनडात जन्मले. ते आपल्या कॅथलिक पवित्र सभेचे नव्हते, एपिस्कोपल पंथाचे होते. तथापि सत्कर्म जेथे दिसेल तेथे त्यास मान देणे आपले कर्तव्यच होय.

१९०२ साली ते फिलिपाइन्स बेटांत आले. पुढील वर्षी तेथील अमेरिकन सरकारापुढे असा मसुदा आला की, अफूविक्रीचा मक्ता लिलावाने द्यावा व त्याचे उत्पन्न शिक्षणाकडे लावावे. हेतू वरकरणी किती उदात्त! परंतु बापाच्या व्यसनावर लेकराची शाळा उभारावयाची, हाच त्याचा अर्थ. मिशनऱ्यांनी विरोध केला, मसुदा मागे पडला व चौकशीसाठी तिघांची समिती नेमिली गेली. तीत ब्रेंट होते. जपान, शांघाय, सिंगापूर, ब्रह्मदेश, जावा असे फिरून समितीने अफूचा कारभार पाहिला. पुढे १९०८ साली त्या बेटांत औषधाखेरीज अफूस बंदी झाली.

परंतु एका घराने दार लाविले म्हणून गावातला चोर जात नाही. हे ओळखून ब्रेंट यांनी १९०६ सालीच अध्यक्ष रूझवेल्ट यांस पत्र लिहून राष्ट्रांची परिषद भरविण्याची विनंती केली होती. १९०९ साली शांघायला तेरा राष्ट्रे जमली, अध्यक्ष ब्रेंट. हेग येथेही तेच अध्यक्ष. २३ जानेवारी १९१२ रोजी तेथे अफूविषयीचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. ही दूरची गोष्ट समजू नका. माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातूनच चीनला जात असे.

त्या कराराने व्यापारास लगाम घातला. व्यसनी माणसाच्या उपचाराचा विचार मात्र मागे राहिला. १९६१ च्या करारात उपचारास स्थान मिळाले व १९७२ च्या दुरुस्तीने उपचारोत्तर शुश्रूषा, शिक्षण आणि समाजात पुनःप्रवेश यांची त्यात भर पडली. साठ वर्षे लागली!

कायद्यास दोष देण्यापूर्वी मी माझा दोष कबूल करितो. कित्येक वर्षे मी वेदीजवळून दारूबाजांस शब्दांचे फटके मारिले; त्यांच्या उंबऱ्यावर क्वचितच गेलो. एके दिवशी एक माउली म्हणाली, “फादर, तुमच्या उपदेशाने हे मिस्सेला येईनासे झाले, पिणे तेवढे राहिले.” ते वाक्य आजही मला झोपू देत नाही.

या महोत्सवानिमित्त एका मद्यविक्रेत्या सद्गृहस्थांनी शाळेच्या खोल्यांसाठी मोठी रक्कम देऊ केली होती. ते दुष्ट नव्हेत. तरी ती आम्ही साभार परत केली. दोन खोल्या अपुऱ्या राहिल्या, म्हणून काहींचा माझ्यावर रोष आहे. काना गावच्या लग्नातील द्राक्षारसाची मला आठवण देण्यात आली. बंधूंनो, प्रभूने तेथे यजमानाची लाज राखिली. आपल्या लग्नांत मात्र दारूने कित्येकांची लाज जाते.

यास्तव माझे मागणे दोनच. महोत्सवाच्या प्रीतिभोजनात दारू नसावी. आणि प्रत्येक वाडीतून दोघांनी माझ्याबरोबर घरोघर यावे. वांद्रे येथे १९८१ साली फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन स्थापिले. तशा ठिकाणी रोग्यास नेण्यात लाज कसली? त्या दोन खोल्या आपण घामाच्या पैशाने बांधू. उशीर लागेल, पण त्यांत बसणाऱ्या लेकरांस त्या भिंतींची लाज वाटणार नाही.

देव तुमच्या घरादारांस आशीर्वाद देवो.