भांडखोर कोण, हे ठरवायचे कसे?



वर्गात एखादे पोर हात उगारते आणि आपण म्हणतो, "हा भांडखोर आहे." हे मोजण्यासाठी मानसशास्त्राच्या प्रश्नावल्या आहेत. त्यांपैकी बस आणि पेरी यांची 1992 सालची 29 विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. मारहाण, तोंडाळपणा, राग आणि मनातली अढी हे तिचे चार भाग. पण ती बसवली अमेरिकेतल्या कॉलेजच्या तरुणांवर. अशा प्रश्नांचे नुसते भाषांतर करून ते मावळातल्या चौथीच्या मुलापुढे ठेवले तर काय होईल?

समजा विचारले, "तू दगड मारतोस का?" भाताला पाखरे लागली म्हणजे गोफण फिरवणारा मुलगा "हो" म्हणेल. "मोठ्याने ओरडतोस का?" गुरे राखताना पलीकडच्या टेपावरच्या सोबत्याला हाक घालायची, ती काय कुजबुजून? "झोंबाझोंबी करतोस का?" जत्रेच्या फडात कुस्ती केलीच की त्याने! तीन उत्तरे, तीन गुण, आणि पोर कागदावर भांडखोर ठरले. उलट लोणावळ्याच्या शाळेतली एखादी मुलगी मैत्रिणीशी आठ-आठ दिवस अबोला धरते, साऱ्या वर्गाला तिच्याशी बोलू देत नाही. ते या प्रश्नांत सापडतच नाही.

मग मोजूच नये का? तसे नव्हे. बिने यांची बुद्धिमापनाची कसोटी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी नव्याने बसवली होती. रागाच्या कसोटीचेही तसेच करावे. भाषांतर झाले की मूळ न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट करवून घ्यावे. अर्थ कुठे हलला ते कळते. मग दहा-बारा मुलांना विचारावे, "बाळा, यातून तुला काय समजले?" त्यांत ठाकर-कातकरी वाड्यांवरची मुलेही असावीत, त्यांची घरची बोली निराळी. "मारतोस का?" एवढ्यावर न थांबता कुणाला, कधी, कशासाठी, हेही विचारावे. आईचे ऐकावे, मधल्या सुट्टीत स्वतः पाहावे. आणि तुलना इथल्याच मुलांशी करावी.

एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. इंग्रज सरकारने 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 साली गेला. शिक्का मात्र अजून पुरता पुसलेला नाही. म्हणून गुरुजी, मुलाच्या नावापुढे तसला शब्द लिहिण्याआधी थांबा, चार ठिकाणी विचारा. जे पोर खरोखर आतून पोळले आहे, तेही मग तुम्हाला सापडेल आणि त्याला वेळेवर हात देता येईल.