रुपेरी पडद्यावरील प्रेमाचा जमाखर्च

चित्रपटातील प्रेमाला सहसा पोटापाण्याची विवंचना नसते. नायक-नायिका बागेत भेटतात, विरहाने झुरतात. पण घरभाडे कोण भरणार, हा प्रश्न त्यांना क्वचितच पडतो. प्रत्यक्षात विवाह जुळविताना मात्र हाच प्रश्न बहुधा आधी विचारला जातो. जीवनात जो प्रश्न अग्रभागी असतो, तो पडद्यावरून नाहीसा व्हावा, याचा अर्थ काय?

मराठी बोलपटाचे आरंभीचे वळण असे नव्हते. व्ही. शांताराम यांच्या १९३७ मधील 'कुंकू'त पैशाच्या लोभाने मामा नीरेला एका वृद्ध बिजवराच्या गळ्यात बांधतो. त्याआधी १८९९ मध्ये देवलांच्या 'शारदा' नाटकाने असाच सौदा रंगभूमीवर मांडला होता. या कलाकृतींत पैसा उघडपणे वावरत होता, आणि नीरेचा नकार हा त्या व्यवहारालाच दिलेला नकार होता.

पुढे प्रेमपट लोकप्रिय झाला आणि हिशेबाची वही हळूहळू मिटली. राज कपूर यांच्या १९७३ मधील 'बॉबी'त श्रीमंत पिता प्रेमाला पैशाने मोजू पाहतो खरा. पण प्रेमी युगुल पाण्यात उडी घेते, दोन्ही पिते त्यांना वाचवितात, आणि पैशाचे भांडण त्या प्रवाहातच वाहून जाते. १९९५ मधील 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'त तर तो प्रश्नच उरत नाही. नायक मुळातच लंडनमधील धनाढ्याचा पुत्र आहे. मिळवायची ती केवळ नायिकेच्या वडिलांची संमती. प्रेम आणि संपत्ती यांतून निवड करण्याची वेळच येत नाही; दोन्ही एकाच दाराने घरात येतात.

या पार्श्वभूमीवर सेलिन साँग या दिग्दर्शिकेचा २०२५ मधील 'मटेरियलिस्ट्स' हा अमेरिकन चित्रपट लक्ष वेधून घेतो. न्यूयॉर्कमध्ये जोडपी जुळविण्याचे काम साँग यांनी काही काळ स्वतः केले होते. त्यांची नायिका ल्यूसी हिचाही तोच व्यवसाय आहे. तिच्याकडे येणारे लोक उंची, वय आणि उत्पन्न यांच्या अटी सांगतात. 'वधू पाहिजे'च्या जाहिराती ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे रकाने परके वाटणार नाहीत. एका धनिकाने तर उंची वाढावी म्हणून पायांवर शस्त्रक्रियाही करून घेतलेली असते. परंतु सारे रकाने जुळवून ज्या पुरुषाशी गाठ घालून दिली, तोच एका स्त्रीवर अत्याचार करतो, आणि ल्यूसीचे गणित कोसळते. माणसाचा स्वभाव कोणत्याच रकान्यात मावत नाही.

ल्यूसी अखेरीस जॉन या निर्धन नटाची निवड करते. त्यांचे पूर्वीचे नाते पैशाच्या ओढाताणीतच तुटलेले असते, आणि जॉन शेवटीही श्रीमंत झालेला नसतो. म्हणूनच ही निवड गोड असली, तरी फुकटची वाटत नाही.

भारतात १९६१ च्या कायद्याने हुंड्याला बंदी घातली. तरीही देवघेव 'भेट' आणि 'हौस' अशी नावे घेऊन वावरत राहिली. पैशाविषयी मौन पाळल्याने पैसा निष्प्रभ होत नाही. तो पडद्याआड बसून निर्णय देतो. मिळकत, कर्ज, आईवडिलांची जबाबदारी यांविषयी दोघांनी विवाहापूर्वीच मोकळेपणाने बोलावे, यात प्रेमाला कमीपणा नाही. इतरांनी परस्पर मांडलेल्या हिशेबाचा सौदा होतो; दोघांनी मिळून मांडलेल्या हिशेबातून संसार उभा राहतो.