देवरूखच्या कौलांवरचं ऊन

२०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदींनी २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं आणि श्रीमंत देशांकडे १ लाख कोटी डॉलरचा हवामान निधीही मागितला. पैशाचं उघड बोलले, हे मला योग्यच वाटतं. मग २०२४ मध्ये १ कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची, छपरावर सौर पॅनेल बसवण्याची सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान.

कोकणातल्या देवरूखात मात्र आधी छप्पर बघावं लागतं. उतरती कौलं, वर फणसाची सावली! किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट उघडी जागा लागते. पावसाळ्यात वीज कमीच मिळेल. पण एप्रिल-मेमधली शिल्लक युनिटं नेट मीटरवर जमा असतात, ती तेव्हा बिलातून वळती होतात.