वास्तू आणि संस्था
(सानगडी, जिल्हा भंडारा येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



काबूल येथे भारताने अफगाणिस्तानसाठी संसदेची भव्य वास्तू बांधून दिली. २५ डिसेंबर २०१५ रोजी तिचे उद्घाटन झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने सत्ता हाती घेतली आणि निवडून आलेली संसद संपुष्टात आली. वास्तू राहिली, संस्था गेली. असे का व्हावे, याचा विचार पंचायतीचे काम करणाऱ्यांनी अवश्य केला पाहिजे.

तेथे परकीय साहाय्याची वाण नव्हती. वीस वर्षांत एकट्या अमेरिकेने पुनर्रचनेसाठी सुमारे १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. शाळा उघडल्या, लाखो मुली शिकू लागल्या. ते कार्य व्यर्थ होते असे कोणी म्हणणार नाही. युद्ध थांबले नाही व भ्रष्टाचार माजला, हे तर खरेच. परंतु साहाय्याचा मोठा भाग सरकारी अंदाजपत्रकाबाहेर, कंत्राटदार व परदेशी संस्थांमार्फत खर्च झाला. साहजिकच हिशेब जनतेला नव्हे, तर देणगीदारांना दिला जाऊ लागला. २००४ च्या राज्यघटनेत जिल्हा स्तरावरील परिषदा निवडण्याची तरतूद होती. त्या निवडणुका अखेरपर्यंत झाल्याच नाहीत.

आता आपला अनुभव पाहा. फाळणीच्या जखमा ताज्या असताना, २ ऑक्टोबर १९५२ रोजी, सामूहिक विकास योजना सुरू झाली. तिलाही अमेरिकेचे साहाय्य होते. पुढे १९५७ मध्ये बळवंतराय मेहता समितीने स्पष्ट सांगितले की, लोकांचा पुरेसा सहभाग नाही. अधिकार निवडून आलेल्या संस्थांकडे सोपवावेत. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्य करू लागल्या. आपल्याकडे शांतता होती, अनुभवी प्रशासन होते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही संस्था रुजली ती मतदाराला उत्तर देण्याची सवय लागल्यामुळे.

सानगडीसारख्या गावाला मुंबई-दिल्लीहून येणारा निधी हेही एका अर्थाने बाहेरचेच साहाय्य होय. ग्रामसभा केवळ कागदोपत्री भरली, तर पंचायतीची पक्की इमारत काय कामाची? शिक्षकांनी जमाखर्च वाचण्यास गावाला साहाय्य करावे, अधिकाऱ्यांनी प्रश्नांचे स्वागत करावे, सदस्यांनी हिशेब मागण्यापूर्वीच मांडावा. पैसा बाहेरून येऊ शकतो. उत्तरदायित्व मात्र गावातच निर्माण करावे लागते.

जय हिंद! जय महाराष्ट्र!