नाका उघडा की बंद? आधी मजुरी सांगा!

(सिरोंचा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी कवी आहे असं आत्ता इथं सांगण्यात आलं. खरं म्हणजे मी मुंबईच्या गोदीत गोणी उचलतो. शिक्षण दहावी. कविता रात्री. अशा माणसानं व्यापार-धोरणावर बोलावं याचं पांढरपेशांना हसू येईल. येऊ द्या. त्यांनी व्यापार पुस्तकात वाचलाय, मी पाठीवर वाहिलाय.

सकाळी नदीवर गेलो. इथं प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडं कालेश्वरम, पुलावरून ट्रक धावतात. इंग्रजांच्या काळात अलीकडं त्यांचा मुलूख होता, पलीकडं निजामाचा. निजामाची स्वतःची करोडगिरी होती. नदी ओलांडली की मालावर जकात. तो नाका गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि सगळा देश एक बाजार झाला असं आपल्याला सांगण्यात आलं. देशादेशांत असं होतं तेव्हा त्याला जकातसंघ म्हणतात. आपसात जकात घ्यायची नाही, बाहेरच्या मालाला सगळ्यांनी मिळून एकच लावायची. जर्मन संस्थानांनी १८३४ मध्ये हे केलं. युरोपातले बरेच देश आज हेच करतात.

यावर जहाल डाव्यांचं म्हणणं काय? ९ जानेवारी १८४८ ला मार्क्स ब्रुसेल्समध्ये बोलला. खुला व्यापार म्हणजे कामगाराला पिळायची भांडवलाला मोकळीक, हे त्यानं स्वच्छ सांगितलं. तरी तो खुल्या व्यापाराच्या बाजूनं उभा राहिला. का? तर त्यानं जुनं मोडेल, क्रांती लवकर येईल. आपल्याकडच्या माओवाद्यांनी उलट धरलं. जागतिक व्यापार संघटना म्हणजे साम्राज्यवाद, तिला दार उघडणारे ते दलाल भांडवलदार. एक म्हणतो उघडा, दुसरा म्हणतो बंद करा. मी विचारतो, नाक्यावर ओझं कुणाच्या डोक्यावर आहे? त्याची जात काय?

माझंच सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं बाहेरच्या पिवळ्या वाटाण्यावरची जकात काढली. शेतकरी ओरडला. नोव्हेंबर २०२५ पासून तीस टक्के लावली. व्यापारी ओरडला. मुकादम मात्र दोन्ही वेळी आमच्या मजुरीचा तोच आकडा सांगत होता. जकात शून्य होती तेव्हा गोणी पन्नास किलोची होती, तीस टक्के झाली तेव्हाही पन्नासचीच.

बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी इथंच बोट ठेवलं. १९२३ सालचं त्यांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ बघा. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, देश कमावतो, असं मोठमोठे लोक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की भाव चढतात आणि मजुरी मागं राहते. निर्यातदाराचा नफा मजुराच्या ताटातून गेलेला असतो. सगळा देश कमावत नाही, एक वर्ग कमावतो आणि दुसरा भरतो.

आता तुमच्या गावाकडं येतो. १९८० मध्ये पीपल्स वॉरची पोरं आंध्रातून नदी ओलांडून याच तालुक्यात आली. त्यातला पेद्दी शंकर, बेल्लमपल्लीच्या कोळसाखाणीच्या वस्तीतला दलित पोरगा, त्याच वर्षी नोव्हेंबरात इथं पोलिसांच्या गोळीनं मेला. त्या पोरांनी जागतिक व्यापारावर व्याख्यान झोडलं नाही. तेंदूपानाच्या पुडक्याचा भाव वाढवा, बांबूतोडीची मजुरी वाढवा, एवढंच मागितलं. भाव वाढले. हे नाकारणं बेइमानी होईल.

पण पुढं त्याच पक्षानं ठेकेदारांकडून वसुली सुरू केली. सरकारचा कर होताच, जंगलात आणखी एक नाका उभा राहिला. ठेकेदार ही वसुली घरून थोडीच भरतो? तो ती पुडक्यातून काढतो. पान तोडणाऱ्या बाईला तो आकडा कुणी दाखवला? क्रांतीच्या हिशेबवहीवर तिचा अंगठा तरी आहे का? ऑक्टोबर २०२५ मध्ये पक्षाचा मोठा नेता मल्लोजुला वेणुगोपाल साठएक साथींसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवून आला. बंदूक खाली ठेवली गेली. पुडक्याचा हिशेब अजून बाकी आहे.

जीएसटीत तेंदूपानावर अठरा टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच झाले. तेरा टक्के सुटले ते कुणाला? विडीच्या मालकाला, ठेकेदाराला, की एप्रिल-मेच्या उन्हात कंबर मोडणाऱ्या तुमच्या आईला? तुमच्यातल्या शिकलेल्यांनी लिलावाच्या वेळी ग्रामसभेत उठून हे विचारावं. माल कितीला गेला, पुडक्याला किती मिळाले, मधले कुठं गेले. आकडा फळीवर लिहून मागा, सगळ्यांना वाचता येईल असा.

मी गोदीत असं विचारलं, तर पंधरा दिवस कामावर घेतलं नाही. परत गेल्यावर पुन्हा विचारणार आहे. पण यावेळी एकटा नाही, टोळी घेऊन. तुम्हीही एकट्यानं विचारू नका.

जयभीम.