हिवाळ्यांतील ट्राउट

ट्राउट म्हटला म्हणजे वसंतांतील खळाळते ओढे, पाण्यावर भिरभिरणाऱ्या माशा आणि त्यांवर झेप घेणारा चपळ मासा असें चित्र डोळ्यांपुढें येतें. हिवाळ्यांतील ट्राउट निराळा. त्याची भेट घ्यावयाची तर अमेरिकेंतील न्यू मेक्सिको राज्यांत, सान हुआन नदीवर जावें. नाव्हाहो धरणाखालीं ऐन जानेवारींतहि लोक कमरेएवढ्या पाण्यांत उभे राहून गळ टाकीत असतात.

याचें कारण तें धरणच होय. १९६२ सालीं तें पुरें झालें. पाणी सर्वांत जड होतें तें सुमारें ४ अंश सेंटिग्रेडवर. म्हणून वर कितीहि कडाका असला तरी खोल जलाशयाचा तळ गोठत नाहीं. धरणांतून सुटणारें पाणी या खोल थरांतलें. तें उन्हाळ्यांत काय नि हिवाळ्यांत काय, ६ अंशांच्या आसपास असतें. पहाटे हवा शून्याखालीं गेलेली असली म्हणजे नदीवरून वाफा निघतात. आपल्याकडे थंडींत विहिरीवर दिसतात तशाच.

मात्र पहाटे जाण्यांत शहाणपण नाहीं. ओला दोर काठीच्या कड्यांतून ओढला, कीं कड्यांत बर्फ धरतें आणि दोर अडकतो. मग काठी पाण्यांत बुडवून तें वितळवीत बसावें लागतें. दहा-अकराला ऊन पाण्यावर उतरलें म्हणजे खरें काम सुरू.

गळाची ‘माशी’ म्हणजे आंकड्यावर दोरा, पीस व बारीक तार गुंडाळून केलेली नक्कल. हिवाळ्यांत माशांचें मुख्य खाद्य चिलटांच्या अळ्या आणि कोश. तेव्हां नक्कलहि तांदळाच्या दाण्याहून लहान, आणि ती बांधावयाची बधिर बोटांनीं! हा खेळ धीराचा म्हणतात. मला तो आधीं डोळ्यांचा व बोटांचा वाटतो.

मासा थंड रक्ताचा. पाणी गार तशी त्याची भूक मंद. जोराची धार सोडून तो संथ, खोल पाण्यांत तळाशीं राहतो. तोंडासमोर आलेलें घेतो. हातभर बाजूनें गेलेल्याचा पाठलाग करीत नाहीं. त्या पाठलागांत खर्ची पडणारी शक्ति एका चिलटानें थोडीच भरून येणार? म्हणून माशी प्रवाहाच्याच गतीनें त्याच्या तोंडापाशीं वाहत गेली पाहिजे. दोराला ओढ बसून ती जरा तिरकी झाली, कीं ती फेक फुकट. मासा घेतो तेव्हां झटकाहि बसत नाहीं. दोरावरचें लहानसें तरंगतें बोंडूक क्षणभर थबकतें, इतकेंच.

धरलेला मासा सोडून द्यावयाचा, आणि आंकड्याला उलटा काटा नसावा, असा तेथें नियम आहे. पण गोठत्या हवेंत मासा वर उचलून छायाचित्रें काढीत बसणें मला क्रूरपणाचें वाटतें. त्याचे नाजूक कल्ले अशा हवेंत गोठूं शकतात. आंकडा पाण्यांतच काढावा. पायांखालींहि पाहावें. तपकिरी ट्राउट शरदांत अंडीं घालतो आणि तीं हिवाळाभर गोट्यांखालीं असतात. तळाशीं उजळ, धुतल्यासारख्या गोट्यांचा पट्टा दिसला तर त्याला वळसा घालावा. एका बुटाखालीं कितीतरी अंडीं चिरडतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. तपकिरी ट्राउट मूळचा युरोपचा, तर इंद्रधनुषी ट्राउट पॅसिफिक किनाऱ्याकडचा. दोघेहि येथें आणलेले. धरणापूर्वीं सान हुआन वसंतांत गढूळ पुरानें फुगे व उन्हाळ्यांत कोमट होई. पूर आणि ऊब हीच तिच्या मूळच्या माशांच्या विणीची खूण. त्यांतला कोलोरॅडो पाइकमिनो एके काळीं माणसाएवढा लांब वाढे. धरणाच्या स्वच्छ, गार पाण्यानें ट्राउटची सोय झाली, तर पाइकमिनो आणि रेझरबॅक सकर हे दोघे नामशेष होण्याच्या वाटेला लागले. आतां त्यांचीं पिलें हौदांत वाढवून धरणापासून दूर, जेथें नदी पुन्हां गढूळ आणि उबदार होते तेथें, सोडण्यांत येतात.