उठाव झाला, पोरं कुठं आहेत?

व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, मलकापूर-बांबवड्यापासून आंब्याच्या घाटमाथ्यापर्यंतच्या गावागावांतून आलेले लिहिते मित्र, आणि मागं सतरंजीवर बसलेल्या माझ्या मायबहिणींनो,

संमेलनाच्या अध्यक्षानं साहित्यावर बोलावं असा रिवाज आहे. पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘ग्रामीण साहित्य : आजची दिशा’ असा विषयही छापलाय. तो मी बाजूला ठेवतो. संयोजकांनी रागावू नये. सकाळपासून या मंडपात चार वक्त्यांनी वाचक घटल्याचं दुःख मांडलं. कुणी मोबाईलला दोष दिला, कुणी प्रकाशकांना. मराठी वाचक पहिलीच्या वर्गात तयार होतो, आणि त्या वर्गाचं या तालुक्यात काय झालंय हे कुणी बोललं नाही. म्हणून मला बोलावं लागतंय.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आपण पेढे वाटले. पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदी आणायचा घाट घातला गेला, महाराष्ट्र पेटला, आणि २९ जून २०२५ ला सरकारला ते निर्णय मागं घ्यावे लागले. तो लढा योग्यच होता. आता एकच विचारतो. ज्या पहिलीसाठी आपण घसा कोरडा केला, त्या मराठी शाळेच्या पहिलीत या मंडपातल्या किती जणांची पोरं, नातवंडं बसतात? हात वर करा म्हणत नाही. पाहुण्यांसमोर शोभा व्हायला नको.

पट घटला, पट घटला म्हणून ओरड चाललीय. पण या तालुक्यात पट दोन तऱ्हेनं कमी आहे, आणि या दोन तऱ्हा एकाच पोत्यात भरल्या जातात. माझा पहिला झगडा त्यावर आहे.

गजापूरच्या अंगाला, चांदोलीच्या बाजूला धनगरवाडे आहेत. दहा-बारा घरं, त्यांची गुरं, नाचणीचे तुकडे आणि सभोवार जंगल. अशा वाड्यावरची शाळा डोळ्यांपुढं आणा. एका खोलीत चार इयत्ता, भिंतीवर चुन्यात रंगवलेली बाराखडी, कोपऱ्यात पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं ओल लागू नये म्हणून फळीवर चढवलेलं. पावसाळ्यात पोरं प्लास्टिकची खोळ दारातल्या खिळ्याला अडकवून आत येतात. फळ्याच्या कडेला गुरुजी रोज लिहितात : पट ७, हजर ७. या वाड्यावर शाळेच्या वयाची पोरंच सात. सातच्या सात शाळेत. शंभर टक्के पट! कोल्हापूर शहरातल्या कुठल्या वॉर्डानं हा आकडा दाखवावा. आणि ही शाळा सरकारी भाषेत ‘कमी पटाची’, म्हणजे जवळजवळ गुन्हेगार.

दुसरी तऱ्हा डांबरी रस्त्याच्या गावातली. दीडशे पोरांचं गाव, शाळेच्या सहा खोल्या, मोठं मैदान, ‘विद्या मंदिर’ अशी ठसठशीत पाटी, आणि पट तिसाच्या आत. बाकीची पोरं कुठं गेली? सकाळी साडेसातला फाट्यावर उभे राहा. पिवळ्या गाड्या येतात. टाय लावलेली, बूट चिखलानं भरलेली, अर्धवट झोपेतली पोरं आत कोंबली जातात. वडापवाल्यानंही लाजावं इतकी. चालक डोकी मोजतो, दार ओढतो आणि गाडी त्याच शाळेच्या भिंतीवरून जाते. त्या भिंतीच्या आत बारावी झालेली, डी.एड. केलेली, पात्रता परीक्षा पास झालेली बाई रिकाम्या बाकांकडं बघत हजेरी घेते. आणि त्या गाडीनं पोर जिथं जातं तिथं शिकवणाऱ्या मुलीचा पगार आणि पदवी काय आहे, हे एकाही बापानं विचारलेलं नाही.

वाड्यावरचा पट डोंगरानं ठरवला. फाट्यावरच्या गावातला पट आपण रिकामा केला. मुंबईतल्या कार्यालयात बसलेल्या गणिताला हा फरक कळत नाही. २०२२ मध्ये सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली. आकडा आला १४,७८३ शाळा आणि १ लाख ८५ हजारांवर मुलं. शाळेमागं बारा-तेरा. पुढच्या वर्षी समूह शाळेची कल्पना आली : लहान शाळा एकत्र करा, पोरांना गाडीनं आणा. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ दाखवलं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर तिथं मंजूर शिक्षक शून्य ठरवले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वीसच्या आतल्या पटाच्या शाळेत दुसरा शिक्षक कंत्राटी ठेवायचं ठरलं. राज्यभर गुरुजी रस्त्यावर आले, तेव्हा काही महिन्यांनी तो निर्णय मागं घेतला गेला.

गाडीनं आणा म्हणणाऱ्या साहेबांना माझं निमंत्रण आहे. जुलैमध्ये या. आमच्या एखाद्या वाड्यापर्यंत गाडी नेऊन दाखवा. जून ते सप्टेंबर जिथं माणूस पाठीवर घालून दवाखान्यात आणावा लागतो, तिथं तुमची शाळेची गाडी कोणत्या रस्त्यानं येणार? चांदोलीचं रान आता व्याघ्र प्रकल्पात आहे. गव्याच्या वाटेनं सात वर्षांची पोरगी तीन किलोमीटर चालत पाठवणारा बाप तुम्हाला मिळणार नाही. तो पोरगी घरी ठेवेल. पोरगा कदाचित जाईल. पोरगी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखाली प्राथमिक शाळा एका किलोमीटरच्या आत हवी. हा पोरीचा हक्क आहे, आणि तिच्या वाड्यावर किती पोरं जन्माला आली यावर तो अवलंबून ठेवता येणार नाही.

सरकारला झोडपलं की टाळ्या पडतात. आत्ताही पडल्या. आता टाळ्या न पडणारं बोलतो.

आपल्या जिल्ह्यात शैक्षणिक उठाव हा शब्द पोराटोरांना ठाऊक आहे. गावानं वर्गणी काढायची आणि शाळेला वस्तू द्यायच्या. आपण पुष्कळ दिलं. टीव्ही दिले, संगणक दिले, पाण्याची टाकी, रंगकाम, गेटवर कमान. मुंबईच्या चाकरमान्यांनी, गिरणीत हाडं झिजवलेल्या आपल्या माणसांनी, देवळाच्या शिखराबरोबर शाळेच्या पत्र्यालाही पैसे पाठवले. त्यांचे उपकार आहेत. पण देणगीदारांच्या फलकावरची नावं वाचा आणि मग हजेरीपट वाचा. फलकावरचं एक आडनाव हजेरीपटात सापडलं तर मला कळवा. वस्तू दिली, पोर दिलं नाही. ज्या शाळेत आपलं पोर बसवायची छाती नाही तिला टीव्ही देणं हा दानधर्म झाला, आणि दानधर्माच्या शाळेला कुणी हिशेब विचारत नाही. छत गळतंय म्हणून तालुक्याला जाऊन टेबल बडवणारा बाप लागतो. तो बाप सकाळी साडेसातला फाट्यावर गाडीची वाट बघत उभा असतो.

हे मी शोधून काढलेलं नाही. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगानं हेच मांडलं : वस्तीतल्या सगळ्या थरांची पोरं वस्तीच्या एकाच शाळेत जावीत, म्हणजे वजनदार लोकांना त्या शाळेकडं लक्ष देणं भाग पडेल. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. कुठले? आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, आपल्याच जिल्ह्याचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत राबलेले. त्यांचं ऐकायला देश तयार झाला नाही, ते जाऊ द्या. कोल्हापूर जिल्ह्यानं तरी ऐकायचं होतं.

आणि शाहू महाराजांचं काय? दर २६ जूनला आपण हार घालतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये दिल्लीश्वरांनी फेटाळलं. महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केलाच. पोर शाळेत पाठवलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. शंभर वर्षांपूर्वी राजानं पोरं एकत्र बसवली. आपण ती पुन्हा वेगळी केली, आणि त्यासाठी हुकूमही लागला नाही. गावच्या शाळेच्या पटावर आज कुणाची पोरं उरलीत ते बघा. धनगराची, दलित वस्तीतली, ऊसतोड्याची, वीटभट्टीवरल्याची, रोजगारी विधवेची. बाकीच्यांनी पिवळ्या गाडीतून आपापली जात आणि ऐपत वेगळी बसवून घेतलीय. इंग्रजी हे निमित्त झालं.

‘मग पोरांनी इंग्रजी शिकू नये काय?’ हा प्रश्न मला प्रत्येक गावात येतो. शिकावी की! पहिलीपासून इंग्रजी विषय झेडपीच्या शाळेत २००० सालापासून आहे. तो नीट शिकवला जात नसेल तर त्यासाठी भांडा. पण ज्या पोराला घरी मराठी, गाडीत मराठी, मैदानावर मराठी, आणि वर्गात पाठांतराचं इंग्रजी, ते पाचवीत गेल्यावर दोन्हीकडून अधांतरी राहतं. अशी पोरं सहावीला परत मराठी शाळेत येतात. वर्गशिक्षकांना विचारा, ते वाचन कुठून सुरू करतात.

आणि चांगली सरकारी शाळा असली तरी कुणी येत नाही, हेही खोटं आहे. कोल्हापुरात जरगनगरला महापालिकेची शाळा आहे. मराठी माध्यम, फुकट, सरकारी. गुढीपाडव्याच्या प्रवेशासाठी तिथं आईबाप आदल्या रात्रीपासून रांगेत बसतात. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या झेडपी शाळेचा पट तीनवर आला होता, टाळं लागायची वेळ. गुरुजी आणि गाव एकत्र उभे राहिले, पट शंभरावर गेला, आणि २०२५ मध्ये जागतिक स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार तिला मिळाला. सांगायचं इतकंच की शिक्षक टिकले आणि गावानं पोरं दिली तर मराठी शाळा भरते.

आता गुरुजींकडं वळतो. या मंडपातले निम्मे कवी प्राथमिक शिक्षक आहेत, म्हणून जपून बोलावं असं मला चहाच्या वेळी सुचवलं गेलं. जपून बोलत नाही. तुमच्यावर मतदारयादी लादली, खिचडीचा हिशेब लादला, रोज नवं ॲप आणि प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो लादला, हे सगळं खरं. एकशिक्षकी शाळेतला माणूस तालुक्याला बैठकीला गेला की शाळाच बैठकीला जाते. गणवेशाचा खेळ तर २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिला : राज्यभर एकच गणवेश वरून शिवून येणार म्हणाले, पोरं फाटक्या कपड्यात स्वातंत्र्यदिनाला उभी राहिली, आणि डिसेंबरात कारभार पुन्हा शाळा समितीकडं आला. पण मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव घेऊन घरभाडं उचलायचं, संध्याकाळी कोल्हापूरच्या गाडीला लटकायचं, आणि स्वतःचं पोर शहरातल्या इंग्रजी शाळेत घालून इथं दारोदारी ‘तुमची मुलं आमच्याकडं पाठवा’ म्हणून पत्रकं वाटायची, हे लोकांना दिसतं. हॉटेलवालाच शेजारच्या हॉटेलात जेवायला लागला तर गिऱ्हाइकानं काय समजायचं? अलाहाबाद उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये सांगितलं होतं की सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेत गेली पाहिजेत. उत्तर प्रदेशानं ते गुंडाळून ठेवलं. मला कोर्टाचा हुकूम नको. मला या तालुक्यातले गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, सरपंच आणि पंचायत समितीचे माजी-आजी सदस्य यांनी आपणहून ठरवायला हवंय.

शेवटची गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया हव्यात. आपल्याकडं अध्यक्ष कसा ठरतो? सोसायटीत हरलेल्याला समजूत म्हणून. बायांच्या सह्या घरी वही पाठवून घेतल्या जातात. ज्यांची पोरं आत आहेत त्या बाया मागं सतरंजीवर, आणि ज्यांची पोरं बाहेर गेली ते व्यासपीठावर. आजच्या मंडपातही बैठक तशीच आहे, एवढं संयोजकांच्या नजरेस आणून देतो.

तेव्हा मायबहिणींनो, माझं मागणं तुमच्याकडं आहे, व्यासपीठाकडं नाही. येत्या ग्रामसभेत उठून उभ्या राहा आणि दोन आकडे वाचून दाखवायला सांगा. गावात शाळेच्या वयाची पोरं किती, आणि त्यातली गावच्या शाळेत किती. दोन्ही आकडे इतिवृत्तात लिहून घ्या. सातातली सात असतील तर शाळा बंद करायला येणाऱ्या साहेबाच्या हातात तो कागद द्या आणि शाळेच्या दारात बसा. आम्ही लिहिणारे तुमच्या शेजारी बसू. दीडशेतली तीस असतील, तर बाकीच्या एकशेवीस पोरांच्या बापांची नावं विचारा, आणि सुरुवात सरपंचापासून करा.